मशीनचे दीड हजार, मग लाल वहीचे किती?

"ताई, नमस्कार. उदगीर तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे, मामांनी म्हणजे सासऱ्यांनी सुरू केलेलं. मिस्टर माल आणणं आणि घरपोच पोचवणं बघतात, गल्ल्यावर मी बसते. महिन्याला साधारण ५ लाखांची विक्री. त्यातले २ लाख २० हजार क्यूआरवर येतात, २ लाख रोख आणि ८० हजार कार्डाच्या मशीनवर. परवा मामांनी मशीनचा महिन्याचा कागद बघितला. दीड हजार कापलेले. 'बसल्या जागी खातंय हे, उद्या परत करून टाक,' म्हणाले. मिस्टरांनी मधला मार्ग म्हणून 'कार्डावर २ टक्के जादा' अशी पाटी लावली. अंगणवाडीतल्या एक बाई आमच्याकडंच माल भरायच्या. त्यांनी जादाचे पैसे दिले, पण त्या दिवसापासून दुकानात पाऊल टाकलेलं नाही. मामा म्हणतात, रोखीत कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही, आणि फोनवर घेतलेलं सगळं जीएसटीवाल्यांना दिसतं. सोबत बँकेचे कागद, मशीनच्या काही पावत्या आणि उधारीच्या लाल वहीची बेरीज पाठवते. मशीन ठेवावं का? पाटीचं काय करावं?"
– एक सून, उदगीर तालुका

ताई,

तुम्ही पाठवलेल्या पावत्यांत त्या अंगणवाडीतल्या बाईंचीही पावती आहे. बिल ८५० रुपयांचं, वर २ टक्क्यांचे १७, एकूण ८६७. त्याच पावतीवर खाली कार्डाचा प्रकार छापलाय: रुपे डेबिट. आता बँकेच्या कागदावर त्याच तारखेची ओळ काढा. कपात शून्य. रुपे डेबिट कार्ड आणि यूपीआय, या दोन्हींवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क लावता येत नाही. म्हणजे बँकेनं तुमच्याकडून छदाम घेतला नव्हता आणि तरी आपण त्या बाईंकडून १७ रुपये घेतले. मानधनावर घर चालवणाऱ्या बाईला १७ रुपये म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. पाटी आजच उतरवा. आणि ते १७ रुपये घेऊन त्यांच्या घरी जा, चूक झाली म्हणा. हे मी धंद्याचा डाव म्हणून सांगत नाही. ते पैसे त्यांचे आहेत.

पाटी काढण्याचं दुसरं कारण नियमाचं आहे. डेबिट कार्डाचं शुल्क दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये, हे बघायची जबाबदारी रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०१७ च्या परिपत्रकात बँकांवर टाकलेली आहे. क्रेडिट कार्डाबद्दल मशीन घेताना सही केलेल्या करारात बहुधा तसंच कलम असतं. करार कपाटातून काढून एकदा वाचा. एखाद्या गिऱ्हाइकानं तक्रार केली तर बँक मशीन काढून नेऊ शकते, आणि मग ठेवायचं की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

आता मशीनचे दीड हजार. नेमके १,४९३ आहेत आणि मामांनी फक्त बेरीज बघितली. बेरजेत चार वेगळ्या गोष्टी आहेत. क्रेडिट कार्डावर महिन्यात ५० हजार आले, त्यावर १.८ टक्के म्हणजे ९०० रुपये. डेबिट कार्डावर ३० हजार आले, त्यातले २० हजार रुपेचे, त्यांना काही नाही. उरलेल्या १० हजारांवर ०.९ टक्के म्हणजे ९० रुपये. या शुल्कावर १८ टक्के जीएसटी, पण २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तो माफ आहे आणि तुमची साधारण निम्मी रक्कम तशा छोट्या बिलांची आहे, म्हणून ९० रुपये. आणि मशीनचं भाडं ३५०, जीएसटी धरून ४१३. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठरावीक टक्क्यानं जीएसटी भरायच्या योजनेत, असल्यामुळं हा जीएसटी परत मिळत नाही, तो खर्चातच धरायचा.

डेबिटचा ०.९ हा दर बँकेनं मनानं लावलेला नाही. ज्यांची आदल्या वर्षीची उलाढाल २० लाखांपर्यंत आहे, त्यांना मशीनवर जास्तीत जास्त ०.४ टक्के आणि एका व्यवहाराला कमाल २०० रुपये, त्यापुढच्यांना ०.९ टक्के आणि कमाल १,००० रुपये. १ जानेवारी २०१८ पासून ही मर्यादा आहे. तुमची उलाढाल वर्षाला ६० लाखांच्या घरात, म्हणून तुम्ही दुसऱ्या गटात. क्रेडिट कार्डाला मात्र रिझर्व्ह बँकेची अशी मर्यादा नाही. तो दर बँक आणि दुकानदार यांच्यात ठरतो, म्हणून तो बोलून कमी करता येतो. त्याकडं पुढं येते.

हे १.८ टक्के जातात कुठं, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. मोठा वाटा जातो गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेकडं. थोडा तुम्हाला मशीन देणाऱ्या बँकेकडं आणि थोडा व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या जाळ्याकडं. कार्ड देणारी बँक त्या पैशातून काय करते? गिऱ्हाईक आज माल नेतं आणि बँकेला चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी पैसे देतं, तरी तुमच्या खात्यात रक्कम दुसऱ्या दिवशी जमा होते. मधल्या दिवसांचं व्याज बँक सोसते, गिऱ्हाईक बुडालं तर तेही बँक सोसते, वर पॉइंटही देते. थोडक्यात क्रेडिट कार्ड म्हणजे उधारीच. फक्त ती बँकेच्या वहीत लिहिली जाते आणि वसुलीला बँक फिरते. हे वाक्य मामांना आज संध्याकाळी चहा घेताना सांगा. उधारी काय असते हे त्यांच्याएवढं घरात कुणालाच ठाऊक नाही.

आधी रोखीचं बघू, कारण मामांचं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे.

माझ्या वडिलांचं सेलूला कापडाचं दुकान होतं. शाळेत असताना एकदा त्यांच्यासोबत बँकेत भरणा करायला गेले होते. रोखपालानं पुडक्यातली एक पाचशेची नोट उजेडाला धरली, बोटानं चाचपली आणि वडिलांकडं न बघताच बाजूला ठेवली. मग शिक्का मारून जप्त केली आणि एक पावती हातात दिली. बदल्यात काही नाही. नियमच तसा आहे, आजही. वडील घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री वहीत त्यांनी ती रक्कम 'किरकोळ' खात्यात टाकली. नवारीच्या दोन साड्यांवर जेवढं सुटायचं त्याहून ती जास्त होती. तेव्हापासून 'रोख फुकट असते' असं कुणी म्हटलं की मला ती पावती दिसते.

तुमचे आकडे मांडते. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री दुकान बंद केल्यावर नोटा सरळ करणं, गड्ड्या लावणं, चिल्लर मोजणं यात अर्धा तास जातो. २६ दिवसांचे १३ तास. आठवड्यातून दोनदा मिस्टर बँकेत जातात, जाऊन-येऊन आणि रांग धरून सव्वा तास. आठ खेपांचे १० तास. झाले २३. दुकानातल्या पोराला तुम्ही ९,००० देता, त्या हिशेबानं तासाला ३५ रुपये पडतात. म्हणजे ८०५ रुपयांची मेहनत. पेट्रोल खेपेला २० धरलं तर १६०. तुमच्या करंट खात्यात महिन्याला दीड लाखापर्यंतचा रोख भरणा फुकट आहे आणि पुढं हजाराला ४ रुपये. तुम्ही १ लाख ९० हजार भरता, म्हणून जीएसटीसकट १८९ रुपये कापलेत. ही ओळ कागदावर 'कॅश हँडलिंग' अशा नावानं आहे, मशीनच्या कागदावर नाही, म्हणून मामांच्या नजरेला आली नाही. गल्ला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास कमी भरतो असं तुम्हीच लिहिलंय, ते ३५०. वर्षाला दोन पाचशेच्या खोट्या नोटा निघतात, त्याचे महिन्याला ८३.

बेरीज १,५८७.

म्हणजे रोखीचा महिन्याचा खर्च मशीनपेक्षा जास्तच आहे, फक्त तो पाच ठिकाणी विखुरलेला आहे आणि त्याचा कागद कुणी पाठवत नाही. पण इथं मी तुम्हाला चुकीचं चित्र दाखवणार नाही. रोख २ लाखांची आहे आणि कार्ड ८० हजारांचं. शंभरामागं बघितलं तर रोख पडते ७९ पैशांना आणि कार्ड १ रुपया ८७ पैशांना. त्यातही मामा म्हणतील, मोजायला मी बसतो, माझ्या वेळेचे कोण पैसे देतंय? त्यांचं तेही खरं आहे. वेळ बाजूला काढला तर रोख शंभराला ३९ पैशांवर येते. शिवाय उद्या रोख निम्मी झाली तरी बँकेची खेप काही निम्मी होत नाही. तेव्हा रोख महाग आहे असं मी म्हणणार नाही. ती फुकट नाही, एवढंच.

स्वस्त काय असेल तर क्यूआर. साउंडबॉक्सचं भाडं ११८ रुपये आणि त्यावर आले २ लाख २० हजार. शंभराला जेमतेम ५ पैसे. एक-दोन बारकावे लक्षात ठेवा. वॉलेटमध्ये आधी भरून ठेवलेल्या पैशातून कुणी २,००० च्या वर यूपीआय केलं तर एप्रिल २०२३ पासून त्यावर १.१ टक्क्यापर्यंत शुल्क असतं, ते दुकानदाराच्या बाजूनं. बँक खात्यातून बँक खात्यात येणाऱ्या यूपीआयला त्याचा काही संबंध नाही. आणि रुपे क्रेडिट कार्ड २०२२ पासून यूपीआयला जोडता येतं. छोट्या दुकानदाराला २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारावर शुल्क नाही, त्यापुढं लागतं. किराण्याची बहुतेक बिलं दोन हजारांच्या आत असतात. तुमचं दुकान या 'छोट्या'त धरतात का हे आधी बँकेला विचारा. धरत असतील तर ज्यांच्याकडं रुपे क्रेडिट आहे त्यांना मशीनऐवजी क्यूआरकडं वळवा, त्यांची सोय तीच राहते आणि तुमचे पैसे वाचतात. फक्त गर्दीच्या वेळी फोनच्या पडद्यावरची हिरवी खूण बघून माल देऊ नका. खोटे स्क्रीन दाखवणारे आता तालुक्याच्या गावांतही फिरतात. साउंडबॉक्स बोलला की मगच पिशवी हातात.

आता लाल वही. ताई, तुम्ही मशीनबद्दल दोन पानं लिहिलीत आणि उधारीची बेरीज शेवटी एका ओळीत टाकलीत: येणं १ लाख ७५ हजार. मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्या ओळीची.

महिन्याला साधारण ६० हजारांचा माल तुमच्याकडून उधारीवर जातो. कुणाचं सोयाबीन मोंढ्यावर गेल्यावर पट्टी येते तेव्हा, कुणाचा पगार झाल्यावर, कुणाचं दिवाळीला, कुणाचं वेळ अमावास्या झाल्यावर बघू. सरासरी तीन महिने पैसा बाहेर अडकलेला असतो. आणि तुमच्यावर बँकेची ३ लाखांची सीसी, म्हणजे कॅश क्रेडिटचं कर्ज, आहे, ११ टक्क्यांनी. ही उधारी नसती तर सव्वा लाखाच्या सीसीत दुकान चाललं असतं. म्हणजे १ लाख ७५ हजारांचं व्याज, वर्षाला १९,२५०, महिन्याला १,६०४, हे तुम्ही गावाच्या वतीनं बँकेला भरता. गेल्या वर्षी १४,००० बुडाले असं वहीच्या शेवटच्या पानावर आहे, त्याचे महिन्याला १,१६७. दोन्ही मिळून २,७७१. साठ हजारांवर हे शंभराला ४ रुपये ६० पैसे झाले.

क्यूआर ५ पैसे, रोख ७९ पैसे, कार्ड १ रुपया ८७, आणि लाल वही ४ रुपये ६०. मामांनी दीड हजारांसाठी मशीन परत करायला सांगितलं, पण पावणेतीन हजार ज्या वहीतून जातात ती त्यांच्या उशाला असते.

मी उधारी बंद करा म्हणत नाही. मराठवाड्यात किराणा दुकान उधारीशिवाय चालवा असं सांगणारा माणूस कधी गल्ल्यावर बसलेला नसतो. पाऊस ओढ देतो, पीक हातचं जातं, मोंढ्यावर भाव पडतो, तेव्हा चूल पेटती ठेवतं ते गावातलं दुकानच. त्या माणसाकडं कार्ड नाही आणि त्याला बँक उभं करत नाही. ती उधारी द्या, मामांनी माणूस ओळखून दिलेली उधारी सहसा बुडत नाही. पण तुमच्या यादीतल्या चौतीस नावांत नऊ जण पगारदार आहेत. शिक्षक, तलाठी कार्यालयातले, पतसंस्थेतले. त्यांची उधारी तुम्ही का सोसावी? त्यांच्यापैकी निम्म्यांच्या खिशात क्रेडिट कार्ड आहे. त्यांना हात जोडून सांगा, "सर, वहीत लिहिण्यापेक्षा कार्ड टेकवा, तुम्हालाही महिनाभर मुदत मिळते." ४,००० रुपयांच्या महिन्याच्या बिलावर तुम्हाला कार्डाचे जीएसटीसकट ८५ रुपये लागतील. तेच बिल वहीत तीन महिने राहिलं तर १८४ लागतात. वर "सर, मागचं राहिलंय" म्हणताना तुमची जीभ अडखळते, ती वेगळीच.

म्हणून मशीन ठेवा. परत केलं तर काय होईल याचा मी ढोबळ अंदाज करून बघितला. डेबिटवाले क्यूआरवर येतील, काही बिघडणार नाही. क्रेडिटच्या ५० हजारांपैकी समजा १५ हजारांचं गिऱ्हाईक उदगीरच्या मोठ्या दुकानाकडं वळलं, तर तुमच्या सरासरी ७ टक्के सुटण्यानं १,०५० रुपये गेले. आणखी १५ हजारांचं वहीत आलं तर ६९० गेले. १,४९३ वाचवायला १,७४० घालवले. अंदाज थोडा इकडंतिकडं होईल, पण त्यातून मशीन परत करायचं कारण काही निघत नाही.

ठेवा, पण आहे तसं ठेवू नका. ४१३ रुपये भाडं मला खटकतं. ८० हजारांवर एकट्या भाड्याचे शंभराला ५२ पैसे होतात. बँकेच्या शाखेत जा, तुमची वर्षाची उलाढाल आणि सीसीचं खातं त्यांच्याकडंच आहे हे शांतपणे सांगा, भाडं माफ करा आणि क्रेडिटचा दर १.८ वरून खाली आणा म्हणा. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. कार्डाच्या प्रकारानुसार कपातीचा तपशील दर महिन्याला मागा. रुपे डेबिटच्या ओळीत शून्याशिवाय दुसरा आकडा दिसला तर लगेच तक्रार करा. शाखेत ऐकलं नाही तर दुसरीकडं विचारा. आता फोनवरच कार्ड टेकवून पैसे घ्यायची सोय काही बँका देतात, तिथं वेगळ्या मशीनचं भाडं नसतं.

एका ठिकाणी मात्र क्रेडिट कार्ड खरंच परवडत नाही, आणि मामांच्या मनात बहुधा तेच बिल असावं. लग्नाचा बाजार. साखरेचे दोन कट्टे, तेलाचे डबे, डाळी, रवा, मैदा, ३५ हजारांचं बिल. अशा मालात तुम्हाला शंभराला तीन रुपये सुटतात, म्हणजे १,०५०. क्रेडिट कार्ड घासलं तर १.८ टक्क्यांचे ६३० आणि त्यावर जीएसटी ११३, एकूण ७४३ गेले. हमाली द्यायची तर खिशातून. इथं आधी बोला, बिल करायच्या आधी. "हा भाव यूपीआयचा किंवा रोखीचा लावलाय" असं भाव सांगतानाच सांगितलं तर कुणाला वाईट वाटत नाही. लग्नघरचा माणूसही भाव करायलाच आलेला असतो. बिल झाल्यावर कार्ड काढलं आणि मग दोन टक्के मागितले की तो अपमान होतो. साबण, मसाला, बिस्किटं, चहापत्ती यांत आठ-दहा टक्के सुटतात, तिथं कार्डाबद्दल तोंडातून शब्दही काढू नका.

जीएसटीची भीती. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या जमेवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि तिकडं कित्येकांनी क्यूआर झाकून 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. बिदर तुमच्यापासून जवळ, सोयरेधायरे तिकडं, त्यामुळं ती बातमी मामांपर्यंत पोचली असणारच. ती भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण त्या नोटिसांचा मुद्दा होता नोंदणीची मर्यादा ओलांडूनही नोंदणी न करण्याचा. मालाच्या विक्रीला ती मर्यादा वर्षाला ४० लाख आहे. तुम्ही नोंदणी केलेली आहे, कंपोझिशनमध्ये कर भरता. कर विक्रीवर लागतो, पैसे कोणत्या वाटेनं आले त्यावर नाही. ६० लाखांची विक्री ६० लाख दाखवली की क्यूआर झाकायचं कारण उरत नाही.

मात्र तुमच्या कागदात एक गोष्ट मला आवडली नाही. दुकानातला एक क्यूआर मिस्टरांच्या बचत खात्याचा आहे. त्याच खात्यात भिशीचे पैसे येतात, नणंदेनं पाठवलेले येतात, मळ्याच्या सोयाबीनचे येतात. उद्या कुणी जमा विचारली तर त्यातलं दुकानाचं किती हे तुम्हालाच सांगता येणार नाही. तो क्यूआर याच आठवड्यात काढा आणि करंट खात्याचा लावा. हे कार्ड-रोखीपेक्षा जास्त निकडीचं आहे.

आयकराच्या अंदाजे उत्पन्नाच्या सवलतीत, ज्याला सगळे ४४ एडी म्हणून ओळखतात, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के आणि बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर ६ टक्के उत्पन्न धरतात. कुणी सांगेल की म्हणून डिजिटल घ्या. तुमच्या आकड्यात त्यानं आज फरक पडत नाही. सगळं ८ टक्क्यांनी धरलं तरी उत्पन्न ४ लाख ८० हजार होतं आणि नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. फायदा वेगळ्या ठिकाणी आहे: सीसीचं नूतनीकरण करायला जाल तेव्हा बँक खात्यावरची जमा बघते, गल्ल्यातली बघत नाही.

आणि रोखीवाल्या गिऱ्हाइकाला कधी कमी लेखू नका. दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघालेलं कुटुंब तुमच्याकडं चार महिन्यांची चटणी-मिठाची तयारी करायला येतं, ते पाचशेच्या घड्या घेऊन. वळवाच्या पावसात टॉवर बंद पडला की गल्लाच कामाला येतो. दहाचं नाणं कुणी दिलं तर घ्या. दहाच्या नाण्याचे तोवर निघालेले १४ प्रकारचे नमुने सगळे चालतात, हे रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्येच स्पष्ट सांगितलंय. ते नाणं पोराच्या हातातून परत पाठवताना त्याचं तोंड कसं होतं ते बघितलंय मी. सुट्ट्यांच्या बदल्यात चॉकलेट देऊ नका, सुटे पैसे द्या. मोजायला मामा आहेत, आणि त्यांच्या हातात नोट खरी की खोटी हे डोळे मिटूनही कळतं. ते काम त्यांच्याकडंच राहू द्या.

त्यांच्याकडं आणखी एक काम द्या. एका कोऱ्या वहीत पानाचे चार भाग करा: रोख, क्यूआर, कार्ड, उधारी. महिनाभर रोज रात्री चारही ठिकाणी काय आलं आणि काय गेलं ते मामांनीच लिहायचं. बँकेची खेप, पेट्रोल, गल्ल्यातली तूट, खोटी नोट, सगळं. तुम्ही लिहिलं तर ती सुनेची वही होईल आणि वाद चालूच राहील. त्यांच्या अक्षरातला आकडा त्यांना पटेल.

उधारीच्या यादीतली ती नऊ पगारदार नावं वेगळ्या कागदावर काढून आत्ताच ठेवा. वसुलीला मिस्टरांनी जाऊ नये, मामांनी जावं. त्यांच्या वयाच्या माणसानं ओट्यावर बसून "सर, बघा जरा" म्हटलं की कुणी उद्यावर टाकत नाही. दिवाळीच्या आधी त्यातले पाच जण जरी मोकळे झाले तर सीसीत किती भरणा करता आला ते मला कळवा. नव्या मर्यादेचा अर्ज कसा लिहायचा ते तेव्हा बघू.